पुढच्या सीटवरची ओटी

औरादच्या बाजारात मी सीटबेल्टची पत्रकं वाटते. 'पट्टा लावा, घरी या', हे त्यावर मीच लिहिलंय. आणि आमच्याच गाडीत पट्टा कुणाला, तर रिकाम्या सीटला.

गाडी जुनी घेतलेली. पांढरी, पाच जणांची, पुढं दोन एअरबॅग, मागं घेताना चित्र दाखवणारा पडदा. अप्पा येईल त्याला हौसेनं दाखवायचे. पहिल्याच आठवड्यात पुढच्या डाव्या सीटचं सुरू झालं. कुणी बसलेलं नसताना लाल दिवा पेटायचा आणि टुंग टुंग. वजन ओळखणारी चकती बिघडली, असं मेस्त्री म्हणाला. आईनं बाजारातून वेगळीच बातमी आणली. या गाडीत एक बाई अपघातात गेली होती.

आईनं त्या सीटवर हिरवा खण, नारळ, तांदूळ ठेवून ओटी भरली. वरून पट्टा ओढून खटकन लावला. आवाज थांबला.

"बघ, गप बसली."

"आई, पट्टा अडकवला की आवाज थांबतोच. कुणाचाबी."

"तुझी पत्रकं बाजारात वाट."

तेव्हापासून पुढं कुणी बसेना. अक्काला सातवा महिना. तिला तपासणीला बिदरला न्यायचं, तीही मागं. मागचा पट्टा नुसता लोंबत होता. अडकवायची खाच नव्या रेक्झिन कव्हराखाली गडप.

"अप्पा, मेलेल्या बाईला पट्टा आणि जित्या लेकीला न्हाई?"

"मी हळूच चालवायलो की."

"तुम्ही हळू. समोरचा?"

"भांडा निवांत," अक्का म्हणाली. "बाळ झालं की निघू."

मी ब्लेड आणलं.

"नवं हाय ते, कापायलीस कामून?" अप्पा ओरडले. तोवर शिवण उसवली होती. खाली आधीच्या मालकाचं जुनं कव्हर. तेही कापलं. फटीत हात घातला, खाच लागली, आणि बोटाला काहीतरी टोचलं. हिरव्या बांगडीचा तुकडा. खाचेच्या अगदी शेजारी, खोल, जिथं शोधणाऱ्याचाच हात जाईल.

मी तो तळहातावर धरला. भर दुपारी अंगणात सगळे वाकून बघू लागले.

"ती पुढं नव्हतीच," आई म्हणाली. "ओटी चुकीच्या जागी भरली आपण."

मी अक्काचा पट्टा पोटाखालून घेऊन लावला. आईनं पुढचा पट्टा सोडला, ओटी उचलून घरात ठेवली आणि मागं अक्काशेजारी येऊन बसली. मला म्हणाली, "माझीबी खाच काढ."

मी तिकडची शिवण उसवली. मग बसायला पुढच्या रिकाम्या सीटचं दार उघडलं आणि थांबले. ऐसपैस बसायची जागा तेवढीच उरली होती. मी मागंच शिरले, दोघींच्या मधे, आणि तिसरी खाच उकरली.

बिदरपर्यंत पुढं टुंग टुंग वाजत राहिलं. अप्पांनीही त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला नाही.