चवीची नोंदवही

आमच्याकडं बातमी आधी फळ्यावर उतरते, मग बाहेर जाते. फळा खरोखरचा आहे, लाकडी, एका कोपऱ्यात तडकलेला. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं तो भंगारात काढला होता. त्यांनी तो मागून घेतला आणि आमच्या बातम्यांच्या पोर्टलसाठी परंड्यात भाड्यानं घेतलेल्या खोलीत आणून टांगला. खाली पिठाची गिरणी आहे, त्यामुळं दिवसभर भिंती थरथरतात. कचेरीत माणसं दोनच, मी आणि गुरुजी. मला सातवीला मराठी त्यांनीच शिकवलं, म्हणून या वयातही ते मला अगंतुगं करतात आणि माझ्या बातम्यांतल्या चुका लाल पेनानं काढतात.

त्याआधी मी एका मोठ्या दैनिकाची तालुक्याची वार्ताहर होते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या आणि ज्याची जाहिरात मिळाली त्याच्याविरुद्ध मूग गिळून बसायचं, हे मला काही जमेना. राग माझ्या नाकावर. एक दिवस ओळखपत्र टेबलावर आपटलं आणि बाहेर पडले. मग गुरुजींना म्हटलं, आपण आपलं काढू. रेशन कुणाला मिळत नाही, कुठल्या वस्तीचा नळ कोरडा आहे, ऊसतोडीला गेलेल्या बायकांची लेकरं शाळेत आहेत का, हे लिहू. गुरुजी म्हणाले, "लिही की. पण तपासल्याशिवाय एक ओळ जाणार नाही." तिथून फळा आला आणि फळ्याबरोबर नियम आला. बातमी सांगणाऱ्या तीन माणसांची नोंद फळ्यावर करायची. तीन भरली नाहीत तर बातमी थांबली. लोक आम्हाला हसायचे, की जग मोबाईलवर पळतंय आणि ही दोघं खडू घेऊन बसलीत. हसू देत, मला त्याचा लई अभिमान होता.

आता त्या अभिमानानं मला कसं तोंडघशी पाडलं, ते सांगते.

गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बार्शीला गेले होते. सकाळी वाशी तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बोलत होते. काल शाळेतली खिचडी खाऊन लेकरांना उलट्या झाल्या, खिचडी शिजवणारी बाई स्वच्छता पाळत नाही, आम्ही सांगून थकलो, असं त्यांचं म्हणणं. मी लगेच कामाला लागले. गावातल्या किराणा दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, व्हय, खरं हाय. एका पालकाचा नंबर मिळवला, तोही म्हणाला, व्हय, खरं हाय. तीन माणसं भरली. मी फळ्यावर तिघांची नोंद केली, खडू ठेवला आणि दुपारच्या आत बातमी सोडली. मथळा माझाच होता: शाळेच्या खिचडीतून मुलांना त्रास, स्वयंपाकीण बाईंच्या हलगर्जीपणाची तक्रार. लेकरांच्या पोटाची बातमी म्हटल्यावर माझं डोकं असं तापलं होतं, की त्या बाईंना एक फोन करावा हे मला सुचलंही नाही. संध्याकाळपर्यंत बातमी वाशी, भूम, परंडा, सगळ्या ग्रुपवर फिरली. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

पुढचा मंगळवार. गिरणी चालू होती आणि दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, अंगावर धुतलेलं इरकली लुगडं, हातात स्टीलचा डबा. भूमला गाडी बदलून आली होती.

"बातमी लिवनाऱ्या म्याडम तुमीच का?"

"व्हय, या की. बसा."

ती बसली नाही. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत खिचडी होती, मटकी घातलेली, पिवळीधमक.

"ही मी शिजिवलेली खिचडी. शाळंत शिजती तशीच. खावा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही तीच बाई. मी चाचरत म्हणाले, "ताई, आज मंगळवार. तुळजापूरच्या आईचा उपवास असतो माझा."

हे खरं होतं. लहानपणापासून मी मंगळवार धरते. पण त्या वेळी उपवास आहे याचं मला बरं वाटलं, हेही खरं आहे. का बरं वाटलं, ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. आमचं घर रानवाल्यांचं, म्हणजे जमीनवाल्यांचं. आमच्या आईनं गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांना कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि कधी आपल्या ताटात जेवायलाही वाढलं नाही. मी त्या घरातली, वर समतेच्या बातम्या लिहिणारी.

बाईनं झाकण लावलं. "आमच्या गावात बी लई जनांचा रोजच उपास असतोय," ती म्हणाली. "म्या कामाला लागल्यापासनं बारा घरची लेकरं घरनं डबा आनत्यात. का आनत्यात, ते तुमाला सांगाया नको."

सांगायला नकोच होतं. ती गावाबाहेरच्या दलित वस्तीतली होती. नवरा नव्हता, पोरगी अकरावीला वाशीला शिकत होती, आणि शाळेचं हे काम सोडलं तर दुसरं काही नव्हतं. मी तरी हट्टानं म्हटलं, "पण ताई, आम्ही तपासलंय. तीन माणसं बोललीत." आणि फळा दाखवला. तीन माणसं तिथं अजून होती.

ती फळ्याजवळ गेली. सातवीपर्यंत शिकलेली होती, बोट ठेवून वाचलं. "अध्यक्ष. ह्येला माझ्या जागी भावजय बसवायचीया. दुकानदार, ह्यो त्येचा सख्खा साडू. आन ह्यो पालक त्येचा चुलतभाव, आन त्येची पोरगी बार्शीला इंग्लिश शाळंत जाती. आमच्या शाळंचा पालकच न्हाय ह्यो!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, तुमी तीन फोन केले, पन एकाच घरात केले की वं!"

गिरणी धडधडत होती म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडावरचा रंग उडाल्याचा आवाजही तिनं ऐकला असता. मला राग आला. आधी अध्यक्षाचा, मग स्वतःचा. हा असला ढोबळ घोटाळा! आमच्या भागात कोण कुणाचा साडू, कोण कुणाचा मेव्हणा, हे आम्हाला पाळण्यातच कळतं. लग्नाच्या पत्रिकेत एखादं नाव चुकलं तर मी लगेच ओळखते. आणि बातमीत मात्र विचारलंच नाही.

जाताना तिनं खरी गोष्ट सांगितली. पुढच्या मंगळवारी समितीची बैठक होती. तिला कामावरून काढा असा अर्ज आला होता आणि अर्जाला पुरावा म्हणून माझ्या बातमीची छापील प्रत जोडली होती.

"तुमच्या कागदानं माझं काम जानार हाय," ती म्हणाली. "माझी पोरगी मला इचारती, आई, खरंच उलट्या झाल्या का? माझी पोरगी इचारती!" आणि डबा उचलून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फळ्यासमोर गेले, एका डोळ्यानं तिन्ही नोंदी वाचल्या आणि पुढं एक नवी रेघ मारून वर लिहिलं: कोण कुणाचं. मग म्हणाले, "चल, आता पायानं तपासू."

डोळ्याला धूळ लागू नये असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही नका येऊ." ते म्हणाले, "मी नसताना काय होतं ते बघितलं की!" टोमणा होता, मी गिळला.

दोन दिवस आम्ही त्या गावात घर न् घर फिरलो. हजेरीपटावरचं एक लेकरू सोडलं नाही. उलटी झालेलं एकही निघालं नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, त्या आठवड्यात पोटाची तक्रार घेऊन कुणीच आलं नाही, पाहिजे तर वही बघा. एका घरात एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "खिचडी चांगली अस्ती. पन आमी आमच्या नातवाला देत न्हाय." का, असं विचारल्यावर ती शेंगा फोडायला लागली.

शाळेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आधी बोलायला घाबरत होत्या. पण एका मास्तरानं दुसऱ्या मास्तराला विचारावं तसं गुरुजींनी विचारलं, "बाई, चवीची नोंदवही असते ना तुमच्याकडं?" असते. लेकरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं आणि गावातल्या एका माणसानं खिचडी चाखायची आणि वहीत सही करायची, अशी पद्धत आहे. मोठ्या बाईंनी कपाटातून वही काढली. ज्या दिवशी उलट्या झाल्या असं मला फोनवर सांगितलं होतं, त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: चव उत्तम. खाली सही अध्यक्षांची.

मला तिथंच नाचावंसं वाटलं. गुरुजी म्हणाले, "फोटो काढ आणि गप चल."

शनिवारी आम्ही दुरुस्ती सोडली. जेवढी बातमी होती तेवढीच मोठी, त्याच जागी, पहिल्याच वाक्यात: आमची बातमी चुकीची होती. उलटी झालेलं लेकरू नाही, साक्षीदार एकाच नात्यातले, बाईंना आम्ही विचारलंही नाही, हे सगळं लिहिलं. ज्या ज्या ग्रुपवर बातमी गेली होती तिथं तिथं दुरुस्ती पाठवली. त्या गावाच्या ग्रुपवरून ती पाच मिनिटांत उडवली गेली. परत पाठवली, तर मलाच काढून टाकलं. मग मी ठरवलं, की बैठकीत जाऊन मोठ्यानं वाचायची.

"तुम्ही वाचा गुरुजी," मी म्हटलं, "तुमचा मान राखतील."

"चूक तुझी, तोंडही तुझंच," ते म्हणाले.

मंगळवारी शाळेच्या वर्गात सतरंजीवर समिती बसली होती. खिडक्यांना निम्मं गाव लटकलेलं. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बाई चुलीपाशी होती, निकाल काहीही लागो, लेकरांची दुपार थांबत नाही. मी उभी राहिले आणि दुरुस्ती पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत वाचली. मग नोंदवहीचं ते पान दाखवलं.

"अध्यक्षसाहेब, ही सही तुमचीच ना?"

त्यांनी पानावर नजर टाकली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"त्या दिवशी खिचडी चाखून सही केली असंल, तर खिचडी उत्तम होती. मग उलट्यांचा फोन खोटा. आणि न चाखता केली असंल, तर तेवढं गावाला सांगा."

खिडकीतून कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्ष लालेलाल झाले. पण माणूस कच्चा नव्हता. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आमाला शिकिवताय व्हय? तुमी खाल्ली का तिच्या हातची? ती डबा घिऊन आलती तुमच्याकडं, सगळं ठाव हाय आमाला. खाल्ली का?"

उपवास होता, असं मी म्हणू शकले असते. ते खरंच होतं, तपासूनही खरं निघालं असतं.

"न्हाय खाल्ली," मी म्हटलं. "उपवास होता. आणि उपवास आहे म्हणून मला बरं वाटलं. माझ्या मनात पण तेच होतं, जे तुमच्या मनात आहे. न चाखता तुम्ही सही केली, न चाखता मी बातमी केली. तुमच्यात न् माझ्यात काही फरक नव्हता. आता फरक एवढाच, की मी माझं चुकलेलं छापलंय. तुमचं तुम्ही बघा."

मोठ्या बाईंना कुठून बळ आलं देव जाणे. त्यांनी अर्ज उचलला आणि म्हणाल्या, "याला जोडलेला पुरावा खोटा निघाला. अर्ज निकाली काढते." समितीतल्या दोन बायका लगेच "व्हय, काढा" म्हणाल्या. अध्यक्षांनी चप्पल घातली आणि ते निघून गेले. बाईचं काम राहिलं. बारा घरचे डबे राहिलेच, ते काही एका बैठकीत जात नसतात. आम्ही त्या गावात जात राहणार, एवढं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

जेवणाची घंटा झाली. लेकरं ताटं घेऊन व्हरांड्यात ओळीनं बसली. मी एक ताट मागून घेतलं आणि ओळीत, लेकरांच्या मधे, मांडी घातली. बाई पातेलं घेऊन वाढत वाढत आली आणि माझ्यासमोर थांबली. पळी तशीच वर.

"आज मंगळवार न्हवं का?"

"व्हय, मंगळवारच हाय."

"मग?"

"वाढा."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि वाढलं. पातेलं खाली ठेवून समोर उभी राहिली. मी घास घेतला. तिनं विचारलं, "कशी झालीया? खरं सांगा बरं का."

"मीठ जरा जास्त झालंय, ताई."

त्या आठवड्याभरात ती पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून. "ह्ये मातर खरं लिवा," ती म्हणाली. "सकाळधरनं माझं ध्यान हितं कुठं हुतं!"

मोठ्या बाईंनी वही माझ्यापुढं धरली. मी लिहिलं: मीठ थोडं जास्त, बाकी चव उत्तम. आणि खाली सही केली.