अलार्मची किल्ली

वामन मेहेरला पहिला धमकीचा फोन आला तेव्हा मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो होतो. सकाळचे नऊ वाजत आले होते, उमरोळी नुकतीच मागे पडली होती. त्याने गाडी कडेला घेतली, फोन कानाला लावला आणि नुसता ऐकत राहिला. मग फोन खिशात ठेवून म्हणाला, "भाऊ, एक निरोप तुमच्यासाठी पण हाय."

"माझ्यासाठी?"

"देवाबद्दल बोलायचं बंद कर म्हणाला. आणि मागे म्हातारा बसतो, त्याला पण सांग म्हणाला."

मागे बसणारा म्हातारा म्हणजे मी. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते. मी रोज अंघोळ झाली की पूजा करतो, संकष्टी धरतो, आणि देव नाही असे आयुष्यात कोणाला म्हटलेले नाही. तरीही त्या दिवशी बोईसर येईपर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिले.

आमचा बोईसरचा कारखाना रंगाला लागणारी रसायने बनवतो. मी बी.कॉम. होऊन तिथे लागलो तो आजतागायत ऑफिसातच आहे. हजेरी, रजा, परवाने, नोंदवह्या हे माझे काम. वामन इन्स्ट्रुमेंट फिटर. प्लांटमध्ये गॅस किंवा धूर झाला की वाजणारे अलार्म त्याच्या ताब्यात. तो पालघरजवळच्या माहीम गावचा, मच्छीमारांच्या घरातला, मी पालघरचा. सकाळी साडेआठला तो पाचबत्तीच्या नाक्यावर येतो, मी मागे बसतो. अशी अकरा वर्षे झाली.

देव न मानणारा, तोही चारचौघांत उभा राहून तसे सांगणारा माणूस म्हटला की लोकांना वाटते, हा मोठा धीट असणार. वामन धीट नाही. घरातून निघताना तो शेगडीचे बटण दोनदा बघतो. रस्त्यात कुत्रे दिसले तर गाडी हळू करतो. रविवारी कुठल्या वाचनालयात, कुठल्या वस्तीत बोलायला गेला की दोन्ही हात खिशात ठेवतो, कारण ते थरथरतात. त्याची बायको मंजुळा मला एकदा म्हणाली, "भाऊ, भाषण असलं का आदल्या दिवशी याला जेवण जात नाय. मी म्हणते, मग जातोस कशाला? तर उठून शेगडीचं बटण बघायला जातो."

कशाला जातो, हे त्याने मला एकदाच सांगितले.

त्याचा बाप तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस होता. हंगामात होडी काढायच्या आधी देवीला कौल लावायची त्यांच्या घरात रीत होती. मूर्तीच्या दोन बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर जायचे, डावी पडली तर थांबायचे. वामन वीस वर्षांचा असताना त्याच्या लक्षात आले, की बाप आधी किनाऱ्यावर जाऊन बराच वेळ वारा बघतो. मग जी पाकळी पडायला हवी असेल, तिला पाणी कमी लावतो.

"मी विचारलं," वामन म्हणाला. "बाप चिडला नाय. म्हणाला, वारा बघूनच ठरवतो मी. पण माझं एकट्याचं कोण ऐकील? देवी सांगते म्हटलं का खलाशी न घाबरता चढतात. तू कोणाला बोलू नको."

"मग चांगलंच होतं की," मी म्हणालो.

"चांगलं? बाप आजारी पडला त्या वर्षी काकानं कौल लावला. खराखुरा. त्याला ठाऊकच नव्हतं का आधी वारा बघायचा असतो. होडी वादळात सापडली. परत आली, भाऊ. पण काका तीन दिवस कोणाशी बोलला नाय." तो पुढे म्हणाला, "आणि बाप अठ्ठ्याहत्तर वर्षं जगला. त्याला हे बोलायला गावात एक माणूस नव्हता. असे किती असतील? मी उभा राहून बोललो, तर निदान एकाला तरी कळेल का आपण एकटे नाय."

मला हे सगळे पटले असे नाही. पण त्यानंतर मी त्याला कशाला बोलतोस, असे विचारले नाही. विचारायची वेळ आली ती त्या फोननंतर, गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे प्लांट बंद ठेवून यंत्रांची पूजा करतात. रसायने शिजवायच्या मोठ्या रिअ‍ॅक्टरसमोर फोटो मांडतात, समई लावतात, धूप घालतात. धुराने अलार्म वाजतो. म्हणून पूजेपुरती पॅनेलची किल्ली फिरवून तो बंद करायची पद्धत पडली होती. कामगार त्याला 'अलार्म झोपवणे' म्हणत. त्यासाठी एका वहीत सही लागे. ती सही माझी असे.

प्लांट बंद असला तरी टाक्या रसायनांनी भरलेल्या असतात. वामन चार वर्षे सांगत होता, की पूजा बाहेर अंगणात करा. चार वर्षे त्याला एकच उत्तर मिळे: दोन तास देव बघेल. त्यात आदल्या वर्षी तो रजेवर होता आणि पूजा झाल्यावर किल्ली परत फिरवायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा पॅनेलवरचा दिवा बंदच होता. दोन दिवस भरलेल्या टाक्या अलार्मविना राहिल्या होत्या. काही झाले नाही. सगळे म्हणाले, बघ, देवाने बघितले ना? मी वामनला एवढा पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

त्या नवमीच्या सकाळी गाडीवर बसायच्या आधी मी त्याला म्हणालो, "धुराचं बोल, टाक्यांचं बोल. देवाचं नाव काढू नकोस. त्या फोनवाल्याला आपल्यातल्याच कोणीतरी नंबर दिला असणार."

"चार वर्षं धुराचंच बोललो, भाऊ. प्रत्येक वेळी ते देवापाशी येऊन थांबतात. मग मला पण तिथपर्यंत जायला नको?"

"दीडशे माणसं असतील. हात उचलला कोणी तर?"

"उचलतील," तो म्हणाला, आणि त्याला दोन वेळा किक मारावी लागली.

अकरा वाजता सगळे जमले. शिफ्टचा इन्चार्ज बबलू नवीन कुर्ता घालून आला होता. रिअ‍ॅक्टर चालवणारा जिव्या पूजेला बसणार होता. तो वाणगावच्या आतल्या पाड्यावरचा, आणि त्याचा बाप भगत, अंगात देव आणून लोकांना सांगणारा. वामन पॅनेलला पाठ लावून उभा होता.

"वामनभाई, चाबी दो. मुहूरत निकल रहा है," बबलू म्हणाला.

"नाय देणार. पूजा बाहेर करा."

"फिर वही बात! भगवान के काम में दो घंटे कुछ नहीं होता."

"होतं," वामन म्हणाला. "मी सांगतो ते ऐका. दोन तास बघणारा तिथं कोणी नाय. मागच्या वर्षी दोन दिवस कोणी बघत नव्हतं. आपण वाचलो ते आपोआप. बघायचं ते आपल्यालाच. ती अलार्मची घंटा बघते, बाकी कोणी नाय."

मग मागून कोणीतरी ओरडले, "तुझं ज्ञान घरी ठेव रे!" दुसरा म्हणाला, "घे किल्ली त्याच्याकडून." पुढची माणसे पुढे सरकली. जिव्या पाटावरून उठून वामनच्या अगदी जवळ गेला.

"वामनदादा, आमचा देव नाय म्हणतोस? माझा बाप खोटा?"

"तुझा बाप खोटा नाय. माझा बाप पण खोटा नव्हता. घाबरलेला होता."

"आणि तुला भीती नाय वाटत? एवढी माणसं हायत."

वामनने खिशातून हात काढून त्याच्यासमोर धरले. उजव्या मुठीत किल्ली होती आणि ती बोटातल्या अंगठीवर टकटक वाजत होती. "बघ," तो म्हणाला. "वाटते. त्या टाक्यांची याहून जास्त वाटते."

कोणीतरी फिस्सकन हसले. बबलूने ती संधी साधून किल्ली ओढून घेतली आणि माझ्याकडे वळला. "सावेसाहेब, साइन कीजिए."

दीडशे माणसांचे डोळे माझ्याकडे. वामन माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. सही करत नाही, असे म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी खिसा चाचपला आणि म्हणालो, "पेन वर राहिलं. आणतो." पेन माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होते. मी वही बगलेत मारून जिना चढलो, ऑफिसात गेलो, दार लावले आणि खुर्चीवर बसून राहिलो. वहीशिवाय बबलू किल्ली फिरवणार नाही, हे मला माहीत होते. नोकरीची काळजी त्यालाही होती. पण खाली वामन एकटा होता. फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. आरडाओरडा ऐकू येत होता. मी देवाचे नाव घेत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

वीसेक मिनिटांनी आवाज लांब गेला. खिडकीतून पाहिले तर जिव्या छातीशी फोटो धरून अंगणात चालला होता. मागून समई आणि पाट येत होते. "चला रे," तो म्हणत होता, "देवाला पण जरा बाहेरचा वारा लागू दे. मुहूर्त गेला तर सावेसाहेबाच्या नावानं बोंब मारू."

वामन त्यांच्यात नव्हता. खाली उतरून पाहिले तर तो आत पॅनेलपाशी बसला होता. त्याच्या शर्टाचे वरचे बटण तुटले होते आणि गालावर बोटे उमटली होती. कोणी मारले, ते त्याने मला आजवर सांगितलेले नाही.

संध्याकाळी पाचला आम्ही निघालो. बोईसर सोडल्यापासून एक मोटरसायकल आमच्यामागे होती. वामनने गाडी हळू केली, तीही हळू झाली. कोळगावपाशी ती अगदी शेजारी आली. दोन अनोळखी पोरे. मागच्याने माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि ते पुढे निघून गेले.

पाचबत्तीवर मी उतरलो. वामनने हेल्मेटची काच वर केली. "भाऊ, उद्या दसरा, सुट्टी. परवा बसने या. मी समजून घेईन."

मी घरी जाऊन बसचे वेळापत्रक पाहिले. दसऱ्याच्या दिवशी पूजा करताना दोनदा चुकलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी पाचबत्तीवर उभा होतो. त्याने दुरूनच मला पाहिले आणि गाडी थोडी वेडीवाकडी झाली. मी मागे बसलो आणि या वेळी त्याचा खांदा धरला. आम्ही दोघेही थरथरत होतो, त्यामुळे माझा हात थरथरतो आहे की त्याचा खांदा, ते मला सांगता येणार नाही.