केरबाच्या वाटणीची फळं

कस्तुराबाईला मेलेला नवरा रोज भेटायचा. हसू नका! हसणाऱ्यानं एकदा थंडीच्या धुक्यात तिच्या रानात जाऊन यावं आणि मग बोलावं.

हर्सूलच्या पुढं, सिल्लोड रस्त्यावरून आत वळलं की तिचं रान. सारा जन्म मेंढरांमागं हिंडलेल्या तिच्या नवऱ्याला, केरबाला, म्हातारपणी स्ट्रॉबेरीचं खूळ लागलं. लोकांनी लई टिंगल केली, त्यानं रोपं लावलीच. पण पहिलं फळ लाल व्हायच्या आत छातीत कळ आली आणि गडी गेला. एक फळसुद्धा त्याच्या तोंडी लागलं नाही. त्याची राख रानातच पुरली, वर दगडमातीचा ओटा बांधला. तेव्हापासून कस्तुराबाई हंगामभर रोज पहिली खुडलेली ओंजळ त्या ओट्यावर ठेवायची. त्या फळांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पुढं फळांवर करडी लव यायला लागली. पोरगा खंडेराव बुरशीचं औषध मारायचा, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा लव. पुन्हा तेच औषध, जरा जास्त. सडकी फळं तो वेचून जाळायचा, ओट्यावरची तेवढी सोडून. यंदा तर औषधाचा वास नाकात असतानाच बुरशी चढली आणि निम्मं रान गेलं. ओट्यावरची जुनी फळं बाजूला सारताना त्यांतून राखेसारखी धूळ उठायची, कस्तुराबाईच्या अंगावर काटा यायचा.

"हेच हायेत," ती पुटपुटायची. "रागावलेत माझ्यावर."

मग दुसऱ्या दिवशी ती जास्त फळं ठेवायची.

सून सुकेशनी शहरात एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं गुपचूप ओट्यावरची बुरशी नेली, दूरच्या एका बिनफवारणीच्या रानातलीही नेली, आणि औषध कालवलेल्या दोन बशांत वाढायला ठेवली. त्या बशा तिनं सासूपुढं आणून मांडल्या. दूरच्या रानाच्या बशीत काहीच उगवलं नव्हतं. ओट्याच्या बशीत पार काठापर्यंत करडी लव होती.

"आत्याबाई, हिला आपलं औषध आता लागूच पडत नाय," सुकेशनी म्हणाली. "आपण तेच तेच मारलं. कच्ची होती ती मेली, चिवट तेवढी उरली. वाफ्यातली आपण जाळतो, पण ओट्यावर ती निवांत माजते आन् वाऱ्यासंगं परत येते. औषध बदलूच आपण. पण ओटा साफ केल्याबिगर उरलेलं रान हाती लागायचं नाय."

"म्हंजी माझ्याच हातानं झालं व्हय गं हे?"

सुकेशनीनं दोन्ही बशा उचलून पिशवीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई एकटीच ओट्यापाशी गेली. सगळं सडकं तिनं पाटीत भरलं. धूळ उठली, तोंडावर बसली, केसांत शिरली. धनी अंगाला बिलगलेत, सोडायला तयार नाहीत, असंच तिला वाटलं. तरी ती थांबली नाही. दूर नेऊन तिनं सगळं जाळलं, ओटा चुन्याच्या पाण्यानं धुतला. उघडाबोडका ओटा बघून मात्र तिला रडू आवरेना.

"पोरांचं रान वाचवते मी, धनी," ती म्हणाली. "तुम्हाला आता काय बी मिळायचं नाय. उपाशी ऱ्हावा."