पर्समध्ये जपून ठेवलेल्या गोळ्या

मंगळवार होता, हे पक्कं आठवतं. हिंगोलीच्या एका दवाखान्यात सासूबाईंना ॲडमिट करून पाच दिवस झाले होते... वीसेक वर्षं होऊन गेली आता त्याला.

कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बरा होणार नाही, पण दुखणं नक्की कमी करता येईल. दर चार तासांनी द्यायला त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या.

त्या माझ्या पर्समध्ये तशाच पडून होत्या. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं माझ्या डोक्यात बसलेलं. शिवाय आत्ताच संपवल्या तर पुढे जास्त दुखेल तेव्हा काय देणार? म्हणून जपून ठेवल्या... इथल्या डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

सासूबाई हट्टा गावच्या. अख्ख्या गल्लीला त्यांचा धाक. पण डॉक्टर राऊंडला आले की हात जोडून म्हणायच्या, "बरं हाय, सायेब." मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून गप्प. मला वाटलं, स्वभाव निवळला...

त्या दिवशी शबाना सिस्टरने विचारलं, "ताई, आजी तुमच्यावर शेवटच्या कधी चिडल्या?"

मला आठवेना.

"मग बराबर. लई तकलीफ हाय त्यांना. चिडायची बी ताकद न्हाई राहिली."

मी पर्स उघडून गोळ्या तिच्यापुढे धरल्या.

सिस्टर रागावली नाही. "ह्या साठवायच्या नसतात, ताई. दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवतेत." डॉक्टरांना विचारून तिने लगेच पहिली गोळी दिली. पुढच्या घड्याळ लावून.

सासूबाई दुसऱ्या दिवशीही झोपूनच. मी घाबरून सिस्टरला बोलावलं. नाडी, श्वास बघून ती म्हणाली, "किती दिवसांची झोप राहिली होती... घेऊ द्या."

गुरुवारी सकाळी त्या उशीला टेकून बसल्या. चहाचा एक घोट घेतला.

"काहून गं, हा चहा हाय का तांदळाचं धुवण? तू शिकली त्या इंग्रजी शाळेत चहा शिकवत न्हाईत व्हय?"

सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "आजी, सुनेला जरा दम खाऊ द्या की!"

"तिला काय धाड भरली? आठ दिस नुस्ती बसून राहिली ती!"

मी हसत होते की रडत, मलाच कळत नव्हतं.

त्यानंतर सासूबाई चार महिने होत्या. घरी, गोळ्या वेळेवर घेत, अंगणात बाजेवर बसून सगळ्यांना कामाला लावत... एका दुपारी त्यांनी मला पुढ्यात बसवलं आणि केसांना तेल लावून दिलं. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. सावकाश, अगदी कानामागेपर्यंत तेल जिरवत राहिल्या.

शबाना सिस्टर, तुम्ही कुठे असाल माहीत नाही... ती दुपार मला तुमच्यामुळे मिळाली.