डावी करंगळी

डिचोलीच्या मोबाइलच्या दुकानात मी चार्जर घ्यायला गेलो होतो. दोन कंपन्यांचे फोन शेजारी मांडून विक्रेता प्रवचन करत होता. एकाचा पडदा म्हणे लोण्यासारखा, दुसऱ्याचा रेशमासारखा. समोर साठीची एक बाई होती. आयुष्यभर काजू सोलून तिची बोटं काळी, गुळगुळीत झाली होती. दोन्ही फोनांवर ती अंगठा फिरवी, पदराला पुशी, पुन्हा फिरवी. लोणी हललं नाही, रेशीमही नाही.

“मावशी, हळू फिरवा,” विक्रेता म्हणाला.

“हळूच फिरवतंय रे! झील माजो बोटीर असा. तेचो फोन येता, मी उचलूक जातंय तवसर बंद जाता. तेका वाटता, आवस कामात असा. आता आयतवाराकच करता.”

आई कामात असते असं वाटून जहाजावरचा मुलगा आता फक्त रविवारीच फोन करतो, हे ऐकून विक्रेत्याने प्रवचन आवरलं. मग तिने डावी करंगळी पुढे केली. काजूच्या तेलाने तेवढंच बोट सोडलं होतं. लोणी तरीही ढिम्म. रेशमी फोन मात्र जागा झाला.

विक्रेत्याने तिचं सिमकार्ड त्यात घातलं आणि तिचा नंबर सांगून मला म्हणाला, “तुम्ही रिंग द्या बघू.” मी दिली. करंगळी सरकली, फोन उचलला गेला. माझ्यापासून दोन हातांवर उभी असूनही तिने पाठ फिरवली, फोन कानाशी घट्ट धरला आणि विचारलं, “जेवलंस रे?”

“जेवलो,” मी माझ्या फोनात म्हणालो.

खरं तर जेवलो नव्हतो. पण लांबच्या मुलाने आईला दुसरं काय सांगायचं?