कागदावरची बायको

आयोका माझी शेजारीण, आणि माझ्या माणसाची बायको. कागदावर. चाळीस वर्षं झाली, पण यात राग नक्की कोणावर धरायचा ते मला अजून उमगलेलं नाही.

आम्ही तिघंही गुलामांच्या जहाजांतून आलेले. इंग्रजांनी ती जहाजं भर समुद्रात अडवली आणि आम्हाला आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर, फ्रीटाउनला उतरवलं. आयोका आणि माझा माणूस फातुंबी एकाच जहाजातले. एका जहाजातून आलेली ती सख्खी भावंडं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. गोऱ्यांना कोण सांगणार?

सरकारी आवारात कारकून आयोकाला म्हणाला, "तू आता मोकळी." सहा महिने तिथेच ठेवून तोच म्हणाला, "जमैकाला चल, उसाच्या मळ्यावर. तीन वर्षांचा करार. अंगठा लाव."

"मोकळी आहे ना मी? मग पुन्हा जहाज कशाला?" ती विचारत राहिली. त्याने शाई पुढे सरकवली. नवरा न्यायला आला, तरच बाईला गावात सोडायचे.

फातुंबीला उतरल्यावर लगेच सोडलं होतं; तो आमच्या गावात लाकडं कापायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे चवळीची भजी खायचा. आमचं ठरलेलंच होतं. आयोकाची बातमी कळताच तो आवारात धावला आणि म्हणाला, "ही माझी बायको."

"काय बोलतोस, भाऊ! जीभ झडेल तुझी!" आयोका आमच्या भाषेत ओरडली.

"अगं ताई, नुसतं हो म्हण. नाहीतर चढशील जहाजात."

ती हो म्हणाली. पाद्र्याने तिथेच, दहा जोडप्यांच्या रांगेत, दोघांचं लग्न लावून टाकलं.

गावात आल्या आल्या ती माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. "वहिनी, हे काय करून बसले गं मी?" तिला वाटलं होतं, हे आठवड्याभरात मोडता येईल. पाद्री म्हणाला, चर्चमधलं लग्न मोडत नाही, आणि फातुंबीने दुसरं केलं तर थेट तुरुंग.

तो आयोकाच्या ओसरीवर झोपायचा, जेवायला माझ्याकडे यायचा. मीही दुसरीकडे लग्न केलं नाही. वेडी म्हणा हवं तर. बाजारात बायका आयोकाला डिवचायच्या, "काय गं, आज नवरा कुठे जेवला?"

"भाऊ त्याच्या घरी जेवला," ती म्हणायची, आणि घरी येऊन मलाच विचारायची, "मी त्याची कोण गं, वहिनी?" मला तरी काय ठाऊक!

गेल्या महिन्यात फातुंबी तापाने गेला. कबरीपाशी पाद्री म्हणाला, "विधवेने पहिली माती द्यावी." आयोका जागची हलली नाही. मग तिने माझा दंड धरून मला पुढे ढकललं.

"ही त्याची विधवा. मी बहीण."

"पण लग्न तर तुमचं..."

"खोटं बोलले होते, जहाजाला घाबरून. काय शिक्षा द्यायची ती द्या आता."

मी मूठभर माती उचलली. इतकी वर्षं चोरून रडले; आता सगळ्यांसमोर रडायची मुभा मिळाली, तर डोळ्यांतून टिपूस येईना.