राणूचा कागद

हिराला वाट पाहणं कधी जमलंच नाही. चुलीवर भात असला की ती चार वेळा झाकण काढून बघायची आणि पाचव्या वेळी नवरा ओरडला की हात मागे घ्यायची. लग्नाआधी हाच बलराम तिला पाहायला येणार होता, तर ही बया वळणापर्यंत जाऊन त्याची मोटार आली का ते बघून आली होती. आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात अजून त्यावरून तिची चेष्टा होते. अशा बाईला एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली तब्बल सात महिने एका वस्तूची वाट बघावी लागली.

हिरा सें पिएर गावातल्या एका कारखान्यात स्वेटरांना गळे जोडायची. सकाळी कारखान्याची व्हॅन गावातून निघायची, कार्तिए मिलितेरच्या नाक्यावर आणखी बायका घ्यायची आणि उसातून खाली उतरायची. त्या वाटेवर हिरा एक पुस्तक वाचायची. साधं नव्हे, खेळायचं पुस्तक. 'धुक्याचं राज्य' नावाची फ्रेंच मालिका होती. तिच्यात वाचणाऱ्यानंच लढायला निघायचं. गुहेत शिरायचं तर एका पानावर जा, पळायचं तर दुसऱ्या. लांडगा आला तर फासे टाका आणि अंगातलं बळ आकड्यानं कमी करा. फ्रेंच एकट्या हिराला वाचता यायचं, म्हणून ती मराठीत सांगायची, मराठी अडलं की क्रेओलात, इथल्या बोलीत. कुठं वळायचं ते सगळ्या मिळून ठरवायच्या. फासे डब्याच्या झाकणात टाकायच्या, नाहीतर हरिलाल ड्रायव्हरच्या ब्रेकला ते सीटखाली पळायचे.

पुस्तकात लढणाऱ्याला नाव नव्हतं. बायकांनीच तिला राणू म्हटलं. राणू तीन पुस्तकं जगली. तिचं बळ, तिची तलवार, तिनं कुणाला सोडून दिलं, सगळं हिरानं एका कागदावर लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाहिरात होती. चौथा भाग पुस्तकात नाही, यंत्रात. तळहाताएवढं, काचेवर अक्षरं उमटणारं. आणि खाली बारीक अक्षरात: जुन्या वीराला बरोबर आणा, त्याचं बळ बटणं दाबून भरा, तो पुढं चालेल.

झालं, हिराची झोप उडाली. सें पिएरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात सगळ्यांच्या वतीनं तिनं ते मागवून ठेवलं आणि रोज सुटी झाली की पायऱ्या चढू लागली. दुकानदार ती दिसताच मान हलवायचा. "पान्कोर विनी, मादाम." अजून आलं नाही. जमुना सगळ्यांत धाकटी, ती व्हॅनमध्ये त्याची नक्कल करायची. हिरा हसायची नाही. यंत्र जहाजावर असेल की बंदरात, याशिवाय तिला काही सुचेना. एकदा तर तिनं एका स्वेटराला दोन गळे जोडले.

गणपती आले. आमच्याकडे पोरं आपल्या वह्या देवापुढं ठेवतात, बाप्ये हत्यारं. हिरानं राणूचा कागद ठेवला. यंत्र लवकर येऊ दे म्हणून घडी करून मूर्तीच्या पायाशी सरकवला आणि वरून दूर्वा घातल्या, कुणाला दिसू नये म्हणून. दीड दिवसानं बलरामनं फुलं, दूर्वा, पानं सगळं एका फडक्यात बांधलं आणि गणपतीबरोबर नदीत सोडलं. हिरा काठावर उभी राहून मोठ्या आवाजात आरती म्हणत होती. घरी येऊन रिकामा पाट पुसताना तिला कागद आठवला; तोही त्या फडक्यात गेला होता.

देवावर रागवावं तरी कसं? नवऱ्यावर तरी कसं? सगळी करणी स्वतःचीच. तिनं कुणालाच सांगितलं नाही. जी बाई पायऱ्या झिजवत होती ती आता त्या दुकानासमोरचा रस्ता टाळू लागली. अजून आठवडाभर येऊ नको रे बाबा, म्हणू लागली. आणि नेमकं चौथ्या दिवशी जमुना दुकानातून यंत्र घेऊन, ते नाचवत व्हॅनमध्ये आली.

"हिराबाय, हे बघ! काढ तो कागद!"

हिरानं सांगून टाकलं.

"त्यात काय?" जमुना म्हणाली. "बळ वीस भर. यंत्राला काय कळतंय?"

"मग ती राणू नाही," खिडकीपाशी बसलेली कुंतीमावशी म्हणाली.

कुंतीमावशी पन्नाशीची, कारखान्यात दोरे कापायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

"हिरे, लिही तू. मी सांगते. तू कागदावर काय खरडतेस ते मला काय ठाऊक? मी आपले आकडे वाटेवरच्या खुणांशी ठेवायचे." तिनं बाहेर बोट केलं. "या शिवाल्यापाशी सुरू केलं, तवा बळ सतरा. त्या फाटकाशी लांडगा चावला. तीन गेले, चौदा. नाक्यावर औषध प्याली, दोन परत आले, सोळा."

तीन पुस्तकांना तीन सकाळी लागल्या. हिरा खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहीत गेली. हरिलालही न सांगता व्हॅन हळू हाकू लागला. तिसऱ्या सकाळी आकडा पुन्हा खाली आला होता. नाला ओलांडला आणि कुंतीमावशी थांबली.

"इथं राणू दलदलीच्या पुलावर होती. चौदा. याच्या पुढचं माझ्याकडे नाही. आमचे गेले तवा. बारा दिवस मी घरी होते. तुम्ही खेळला असाल. ते आकडे नदीत गेले, हिरे. पा कापाव, नाही होणार."

हिरानं पेन्सिल खाली ठेवली. जमुना तिच्याकडे बघत होती.

"आम्ही नाही खेळलो, मावशी."

"बारा दिवस?"

"पुस्तक पिशवीतच होतं. तू आलीस तवा पुलावरूनच उघडलं."

"तू?" कुंतीमावशी म्हणाली. "तू थांबलीस?"

हिरानं मान डोलावली आणि पेन्सिल उचलली. तिचे डोळे भरून आले होते.

"माझं डोकं ठिकाणावर नव्हतं तवा," मावशी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही गेलात पुढं." तिनं पदरानं नाक पुसलं आणि परत बाहेर बघू लागली. मग उसाच्या वजनकाट्यापाशी म्हणाली, "लिही मग. पुलावर चौदा. पूल उतरली तवाही चौदाच."